जळालेला दप्तरखाना आणि पूर्वजांचा शोध : आयरिश स्थलांतरितांच्या कौटुंबिक इतिहासाची साधने व पद्धती

प्रस्तावना

कौटुंबिक इतिहास हा विषय इतिहासलेखनाच्या दालनात बरीच वर्षे ओसरीवरच बसून राहिला. कुलवृत्तान्त, वंशावळी किंवा तीर्थक्षेत्रांतील उपाध्यायांच्या वह्या यांचा उपयोग आपल्याकडील संशोधकांनी केला आहे. परंतु पूर्वजांचा शोध म्हणजे घराण्याच्या अभिमानाचे साधन, हा समज पूर्णतः दूर झालेला नाही. ज्यांच्यापाशी सनद, वतन वा ताम्रपट आहे त्यांना वंश आहे आणि ज्यांच्यापाशी यांपैकी काहीच नाही त्यांना केवळ संख्या आहे, असा त्याचा अर्थ होतो. या समजाची परीक्षा पाहण्यास आयर्लंडमधून परदेशी गेलेल्या सामान्य माणसांचे उदाहरण विशेष उपयुक्त आहे.

१८४५ मध्ये बटाट्याच्या पिकावर पडलेल्या रोगामुळे आयर्लंडमध्ये महादुष्काळ सुरू झाला. या आपत्तीत सुमारे १० लाख लोक मृत्युमुखी पडले आणि १८४५ ते १८५५ या दशकात सुमारे २० लाखांनी देश सोडला. १८४१ च्या जनगणनेत ८१ लाख ७५ हजार असलेली लोकसंख्या १८५१ मध्ये ६५ लाख ५२ हजारांवर आली. दुष्काळ सरला तरी प्रवाह थांबला नाही. १८९० च्या सुमारास आयर्लंडमध्ये जन्मलेल्या दर पाच हयात व्यक्तींपैकी दोन व्यक्ती देशाबाहेर राहत होत्या. या लोकांचे वंशज आज अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आदी देशांत पसरले असून त्यांतील असंख्य जण आपल्या पूर्वजांचे गाव शोधीत असतात.

हा शोध दोन कारणांनी कठीण ठरतो. स्थलांतरित बहुधा गरीब, अनेकदा निरक्षर होते. आणि ज्या देशातून ते गेले त्या देशाचा दप्तरखानाच पुढे जळून गेला. अशा परिस्थितीत कोणती साधने उरतात, ती कशी वाचावी लागतात आणि ती चुकीची वाचली गेल्यास काय घडते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. दप्तराचा नाश

डब्लिन येथील फोर कोर्ट्स या न्यायालयीन संकुलात आयर्लंडचे सार्वजनिक दप्तर, म्हणजे पब्लिक रेकॉर्ड ऑफिस होते. १९२१ च्या अँग्लो-आयरिश तहास विरोध करणाऱ्या सशस्त्र गटाने एप्रिल १९२२ मध्ये या संकुलाचा ताबा घेतला. २८ जून रोजी हंगामी सरकारच्या सैन्याने तोफांचा मारा सुरू केला आणि ३० जून १९२२ रोजी प्रचंड स्फोट होऊन दप्तराची इमारत आगीच्या भक्ष्यस्थानी पडली. १८२१, १८३१, १८४१ व १८५१ या जनगणनांच्या घरोघरच्या नोंदी, मृत्युपत्रे आणि चर्च ऑफ आयर्लंड या प्रॉटेस्टंट चर्चच्या निम्म्याहून अधिक पॅरिशांच्या नोंदवह्या या आगीत नष्ट झाल्या.

मात्र सर्व हानीचा दोष या एकाच आगीवर टाकणे इतिहासाला धरून होणार नाही. १८६१ व १८७१ या जनगणनांचे मूळ कागद आकडेवारी तयार झाल्यावर सरकारी आदेशानेच नष्ट करण्यात आले होते. १८८१ व १८९१ चे कागद पहिल्या महायुद्धाच्या काळात लगद्यासाठी गेले. म्हणजे आठ जनगणनांपैकी चार यादवीने नेल्या, तर चार कारकुनी व्यवहाराने. शासनाला लोकांची संख्या हवी होती. ती हाती आल्यावर माणसांची नावे जपण्याची गरज त्यास वाटली नाही. संपूर्ण देशाच्या घरोघरच्या नोंदी सलग उपलब्ध आहेत अशा सर्वांत जुन्या जनगणना म्हणूनच १९०१ व १९११ च्या आहेत. स्वतंत्र राज्याने १८ एप्रिल १९२६ रोजी घेतलेल्या पहिल्या जनगणनेचे कागद शंभर वर्षांच्या गोपनीयतेच्या नियमाखाली ठेवण्यात आले.

येथे एक बाब ध्यानात घ्यावयास हवी. कॅथलिक पॅरिशांच्या नोंदवह्या त्या त्या चर्चमध्येच राहिल्या होत्या. तसेच जन्म, मृत्यू व विवाह यांची नागरी नोंदणी फोर कोर्ट्समध्ये नव्हती. ही दोन्ही साधने म्हणून वाचली. देशातील बहुसंख्य लोक कॅथलिक असल्याने सामान्य कुटुंबाच्या दृष्टीने ही मोठीच जमेची बाजू होय. तथापि कॅथलिकांवर दीर्घकाळ असलेल्या कायदेशीर निर्बंधांमुळे आणि दारिद्र्यामुळे अनेक पॅरिशांत, विशेषतः पश्चिम भागात, नोंदवह्या एकोणिसाव्या शतकात बऱ्याच उशिरा सुरू झाल्या. नागरी नोंदणीचेही तसेच. कॅथलिकेतर विवाहांची नोंद १ एप्रिल १८४५ पासून होऊ लागली. सर्वांचे जन्म, मृत्यू व विवाह नोंदविण्यास १ जानेवारी १८६४ उजाडावा लागला. दुष्काळात जे मेले वा निघून गेले त्यांच्यासाठी ही नोंदणी वीस वर्षे उशिरा आली.

२. कर, खंड आणि निवृत्तिवेतन : पर्यायी साधने

जनगणनेची पोकळी भरून काढण्यासाठी संशोधक ज्या साधनांकडे वळतात ती सर्व भिन्न हेतूंनी निर्माण झालेली आहेत. त्यांतील पहिले साधन दशांश कराच्या आकारणी वह्यांचे. १८२३ ते १८३८ या काळात तयार झालेल्या या वह्यांत शेतजमीन कसणाऱ्यांची नावे येतात. हा कर चर्च ऑफ आयर्लंडसाठी असला तरी कॅथलिक शेतकऱ्यांसही तो भरावा लागे. त्यामुळे ज्या चर्चशी कुटुंबाचा संबंध नव्हता त्याच चर्चच्या करवहीत त्या कुटुंबाचे नाव आढळते. ज्यांच्याकडे जमीनच नव्हती अशा मजुरांचा आणि शहरवासीयांचा मात्र तेथे पत्ता लागत नाही.

दुसरे आणि अधिक महत्त्वाचे साधन म्हणजे रिचर्ड ग्रिफिथ यांच्या देखरेखीखाली झालेले मूल्यांकन. १८४७ ते १८६४ या काळात काउंटीवार प्रसिद्ध झालेल्या या मूल्यांकनात प्रत्येक जमीन व घर कोणाच्या ताब्यात आहे, ते कोणाकडून खंडाने घेतले आहे, क्षेत्रफळ किती आणि वार्षिक मूल्य किती, हे नमूद केले आहे. आपल्याकडील सर्वे-सेटलमेंटच्या कागदपत्रांशी परिचित असलेल्या वाचकास त्याचे स्वरूप सहज ध्यानी येईल. हे मूल्यांकन म्हणजे जनगणना नव्हे. त्यात कुटुंबप्रमुखाचे नाव येते. पत्नी, मुले वा वृद्ध माता येत नाहीत. शिवाय त्याचे कालमान काळजीपूर्वक पाहावे लागते. मेयोसारख्या पश्चिमेकडील काउंटीत ते १८५० च्या दशकाच्या मध्यास प्रसिद्ध झाले. दुष्काळाची सर्वाधिक झळ पोहोचलेल्या प्रदेशात ज्यांची नावे त्यात नाहीत, ते तेथे कधी राहिलेच नाहीत असा निष्कर्ष काढणे म्हणूनच चुकीचे ठरते. ते आधीच मेले असतील वा बोटीवर चढले असतील. दशांश कराच्या वहीत एखादे आडनाव आहे आणि ग्रिफिथच्या यादीत नाही, ही उणीवच अनेकदा त्या कुटुंबाविषयी सर्वाधिक बोलते.

मूल्यांकनातील आकडाही निरुपद्रवी नव्हता. वार्षिक मूल्य ४ पौंडांहून कमी असलेल्या कुळाचा दरिद्रीसाहाय्य कर जमीनदारास भरावा लागे. दुष्काळात हा कर वाढत गेला तसे लहान कुळांना जमिनीवरून उठविणे जमीनदारांना किफायतशीर वाटू लागले. रॉसकॉमन काउंटीतील स्ट्रोक्सटाउन येथील जमीनदार डेनिस माहोन यांनी १८४७ मध्ये सुमारे दीड हजार कुळांना कॅनडास रवाना केले. त्यांतील अनेक जण प्रवासात किंवा क्वेबेकजवळील ग्रोस इल या विलगीकरणाच्या बेटावर मृत्यू पावले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये माहोन यांचा खून झाला. त्या जमीनदारीचे कागद पुढे तेथेच सापडले आणि १९९४ मध्ये त्या वास्तूत दुष्काळाचे संग्रहालय उभे राहिले. ज्या कचेरीने कुळांना हाकलून दिले, तिच्याच कागदांनी त्यांची नावे राखली.

ग्रिफिथनंतर मूल्यांकन कार्यालयाने ठेवलेल्या दुरुस्ती-वह्याही तितक्याच बोलक्या आहेत. ताबेदार बदलला की जुने नाव खोडून वेगळ्या रंगाच्या शाईने नवे नाव लिहिले जाई. त्यावरून एखाद्याचा मृत्यू वा स्थलांतर अंदाजे कोणत्या वर्षी झाले हे ठरविता येते.

तिसरे साधन अनपेक्षित आहे. १९०८ च्या कायद्यान्वये जानेवारी १९०९ पासून सत्तर वर्षांवरील गरजू व्यक्तींना निवृत्तिवेतन मिळू लागले. १८३९ पूर्वी जन्मलेल्यांपाशी जन्माचा नागरी दाखला असणे शक्यच नव्हते. तेव्हा अर्जदाराचे वय पडताळण्यासाठी १८४१ व १८५१ च्या जनगणनेचे कागद शोधले जाऊ लागले आणि त्या शोधाचे निष्कर्ष छापील अर्जांवर उतरविले गेले. मूळ जनगणना १९२२ मध्ये जळाली. हे अर्ज उरले. त्यांमुळे हजारो कुटुंबांची दुष्काळापूर्वीची वा दुष्काळानंतर लगेचची माहिती त्रुटित स्वरूपात का होईना, हाती लागते. याच कायद्याचा आणखी एक परिणाम असा की, १९०१ ते १९११ या दहा वर्षांत अनेक वृद्धांचे वय दहापेक्षा कितीतरी अधिक वर्षांनी वाढलेले दिसते. याला सरसकट लबाडी म्हणणे योग्य होणार नाही. ज्या समाजात जन्मतारखेची कोणी चौकशी केली नव्हती, तेथे वय हे स्मरणाने सांगितले जाई. आणि आता त्यास प्रथमच काही मोल आले होते.

१९११ च्या जनगणनेत विवाहित स्त्रियांना विवाहास किती वर्षे झाली, किती अपत्ये जिवंत जन्मली आणि त्यांपैकी किती हयात आहेत, असे प्रश्न विचारले गेले. नऊ अपत्ये हयात असल्याचे सांगणाऱ्या घरात दोनच अपत्ये नोंदलेली असतील, तर उरलेली सात कोठे गेली हा प्रश्न संशोधकाने विचारावयाचा असतो. त्यांतील काही शेजारच्या गावी नांदत असतील, तर काही बोस्टन वा न्यूयॉर्कमध्ये.

३. नाव आणि ठिकाण

आयरिश वंशशोधात केवळ नावावर विसंबून चालत नाही. मर्फी, केली, सलिव्हन ही आडनावे हजारोंनी आढळतात. गेलिक भाषेतील नावे इंग्रजी बोलणाऱ्या लेखनिकांनी आपापल्या कानाप्रमाणे लिहिली. 'ओ' व 'मॅक' ही उपपदे कधी गळाली, कधी परत जोडली गेली. मॅक गावन या आडनावातील मूळ शब्दाचा अर्थ लोहार. त्यामुळे त्याच घराण्यातील एक शाखा मॅकगोवन, तर दुसरी स्मिथ झालेली दिसते. टायग या गेलिक नावाचे टिमथी, तर डिअरमिडचे जेरेमाया होई. त्यात चर्चच्या वह्या पुष्कळदा लॅटिनमध्ये असल्याने जेम्सचा जाकोबुस आणि विल्यमचा गुलिएल्मुस झालेला आढळतो. एकच व्यक्ती घरी, चर्चमध्ये आणि करवहीत तीन नावांनी वावरत असे.

म्हणून खरी किल्ली नाव नसून ठिकाण आहे; आणि ठिकाण म्हणजे काउंटी नव्हे, तर टाउनलँड. टाउनलँड हा आयर्लंडमधील सर्वांत लहान प्रशासकीय भूविभाग असून त्यांची संख्या ६० हजारांहून अधिक आहे. १८२४ मध्ये टॉमस कॉल्बी यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या ऑर्डनन्स सर्वेक्षणात त्यांच्या सीमा व नावे निश्चित करण्यात आली. या कामी जॉन ओडोनोव्हन यांसारख्या गेलिक विद्वानांनी गावोगाव फिरून नावांची चिकित्सा केली. टाउनलँडचे नाव हाती आल्याखेरीज करवही, मूल्यांकन आणि पॅरिशची नोंद यांची सांगड घालता येत नाही. दुर्दैवाने नेमके हेच नाव परदेशातील कागदांत क्वचितच आढळते. अमेरिकी जनगणनेत जन्मस्थान म्हणून बहुधा केवळ 'आयर्लंड' एवढेच लिहिलेले असते.

४. समुद्रापलीकडील साधने

याच कारणास्तव शोधाचा आरंभ आयर्लंडमध्ये न करता स्थलांतरिताच्या मृत्युस्थानापासून करावा आणि पावलापावलाने मागे यावे, असा संकेत रूढ झाला आहे. अमेरिकेत १८२० पासून बोटीवरील प्रवाशांच्या याद्या सादर करणे बंधनकारक होते. परंतु आरंभीच्या याद्यांत नाव, वय, व्यवसाय व देश यापलीकडे फारसे काही नसे. नागरिकत्वाच्या कागदांतही १९०६ पूर्वी तपशील त्रोटकच आढळतो. न्यूयॉर्कच्या एलिस बेटावरील अधिकाऱ्यांनी स्थलांतरितांची आडनावे बदलली, ही कथा अनेक कुटुंबांत सांगितली जाते. वस्तुतः याद्या प्रस्थानाच्या वेळीच बोटकंपनीकडून तयार होत. बेटावरील अधिकारी त्या यादीवरून केवळ पडताळणी करीत. नावे बदलली ती बहुधा पुढे, स्थलांतरितांच्या स्वतःच्या सोयीने.

शासकीय कागद मौन पाळतात तेथे समाजाने स्वतः निर्माण केलेली साधने बोलतात. बोस्टनच्या 'पायलट' या कॅथलिक वृत्तपत्रात १८३१ पासून १९२१ पर्यंत हरवलेल्या आप्तांचा ठावठिकाणा विचारणाऱ्या हजारो जाहिराती प्रसिद्ध झाल्या. बहीण भावाला, पत्नी पतीला शोधीत असे. आणि ओळख पटावी म्हणून काउंटी, पॅरिश, अनेकदा टाउनलँडही छापले जाई.

दुसरे उदाहरण न्यूयॉर्कच्या एमिग्रंट सेव्हिंग्ज बँकेचे. १८५० मध्ये आयरिश स्थलांतरितांसाठी स्थापन झालेल्या या बँकेने खातेदाराची ओळख पटविण्याकरिता त्याचे जन्मस्थान, आईवडिलांची व भावंडांची नावे, ज्या बोटीने आला तिचे नाव अशी माहिती वहीत लिहून ठेवली. सही न येणाऱ्या माणसाला स्वतःचे कुळच ओळखपत्र म्हणून सांगावे लागले. या वह्यांच्या आधारे इतिहासकार टायलर ॲनबाइंडर यांनी केरी काउंटीतील लॅन्सडाउन जमीनदारीतून न्यूयॉर्कच्या फाइव्ह पॉइंट्स या कुप्रसिद्ध वस्तीत आलेल्या अतिदरिद्री कुळांचा अभ्यास केला. तेव्हा त्यांतील अनेकांनी काही वर्षांतच लक्षणीय बचत केल्याचे आढळून आले. तत्कालीन सुखवस्तू समाजाने आळशी व बेफिकीर ठरविलेल्या लोकांविषयीचे मत बँकेच्या खातेवहीने खोटे ठरविले. कौटुंबिक इतिहास सामाजिक इतिहासाला काय देऊ शकतो, याचे हे ठळक उदाहरण होय.

५. ॲनी मूर : एका चुकीच्या ओळखीची कथा

साधनांच्या वाचनात शिथिलता आली तर काय घडते, हे ॲनी मूर हिच्या प्रकरणावरून दिसून येते. एलिस बेटावरील स्थलांतर केंद्र १ जानेवारी १८९२ रोजी सुरू झाले. तेथे नोंदली गेलेली पहिली प्रवासी ॲनी ही काउंटी कॉर्कमधील मुलगी होती. क्वीन्सटाउन, म्हणजे आजच्या कोव्ह बंदरातून 'नेवाडा' या बोटीने ती अँथनी व फिलिप या दोन धाकट्या भावांसह आईवडिलांकडे निघाली होती. तिला दहा डॉलरचे सोन्याचे नाणे भेट देण्यात आले. वृत्तपत्रांनी तिचे वय पंधरा छापले. वास्तविक ती सतरा वर्षांची होती.

यानंतर ॲनी कागदांतून दिसेनाशी झाली. पुढे असा समज दृढ झाला की ती टेक्सासमध्ये गेली, तेथे विवाह केला आणि १९२३ मध्ये अपघातात मरण पावली. त्या स्त्रीच्या वंशजांना एलिस बेटावरील समारंभांत मानाने बोलाविले जाऊ लागले. १९९३ मध्ये कोव्ह व एलिस बेट या दोन्ही ठिकाणी ॲनीचे पुतळे उभे राहिले.

वंशसंशोधक मेगन स्मोलेन्याक यांनी मूळ कागद तपासले तेव्हा असे आढळले की टेक्सासमधील ॲनी मूर मुळी आयर्लंडमध्ये जन्मलेलीच नव्हती. तिचा जन्म अमेरिकेतील इलिनॉय राज्यात झाला होता. खऱ्या ॲनीच्या शोधासाठी त्यांनी एक हजार डॉलरचे पारितोषिक जाहीर केले. न्यूयॉर्क शहराच्या दप्तराचे आयुक्त ब्रायन अँडरसन यांच्या साहाय्याने २००६ मध्ये हा शोध पूर्णत्वास गेला. धागा सापडला तो ॲनीच्या कागदांत नव्हे, तर तिचा भाऊ फिलिप याच्या नागरिकत्वाच्या कागदात. खरी ॲनी न्यूयॉर्क सोडून कोठेच गेली नव्हती. मॅनहॅटनच्या दक्षिण भागातील गरीब वस्तीत तिने एका जर्मन स्थलांतरिताच्या मुलाशी विवाह केला. तिला दहाहून अधिक अपत्ये झाली. त्यांतील निम्मीही मोठी झाली नाहीत. १९२४ मध्ये वयाच्या पन्नासाव्या वर्षी ती वारली. क्वीन्समधील कॅल्व्हरी दफनभूमीत तिच्या थडग्यावर २००८ पर्यंत साधा दगडही नव्हता.

या प्रकरणातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. नामसाम्य हा पुरावा नव्हे. कुटुंबात सांगितली जाणारी कथा हे शोधाचे आरंभस्थान आहे, निष्कर्ष नव्हे. आणि विवाहानंतर आडनाव बदलणाऱ्या स्त्रीचा माग काढावयाचा तर तिच्या भावांचा, शेजाऱ्यांचा व साक्षीदारांचा शोध घ्यावा लागतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आयरिश स्थलांतरितांत स्त्रियांचे प्रमाण जवळजवळ निम्मे होते आणि त्यांतील बहुसंख्य तरुण व अविवाहित होत्या, हे लक्षात घेता या तिसऱ्या मुद्द्याचे महत्त्व पटते. पश्चिमेकडे जाऊन स्थिरावलेल्या स्त्रीची कथा अमेरिकेच्या आवडत्या कल्पनेत चपखल बसत होती. चाळीत लेकरे पुरणाऱ्या आईची बसत नव्हती. म्हणूनच, असे वाटते, पहिली इतकी वर्षे विनातपास टिकली.

६. मुंबईच्या फलटणीतील आयरिश

आयरिश स्थलांतराची एक वाट मुंबईकडेही येत होती. ईस्ट इंडिया कंपनीच्या युरोपीय फलटणींत आयरिश सैनिकांचा भरणा मोठा होता. कंपनीची फर्स्ट बॉम्बे युरोपियन रेजिमेंट १८६२ मध्ये ब्रिटिश सैन्यात १०३ वी रॉयल बॉम्बे फ्युजिलिअर्स झाली आणि १८८१ मध्ये रॉयल डब्लिन फ्युजिलिअर्सची दुसरी बटालियन बनली. आयर्लंडच्या स्वातंत्र्यानंतर ही रेजिमेंट बरखास्त झाली, ते वर्षही १९२२ च. मुंबई इलाख्यातील चर्चांत होणारे बाप्तिस्मे, विवाह व दफने यांच्या नकला नियमितपणे लंडनला पाठविल्या जात; त्या आज ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत. परिणामी, घरी राहिलेल्या भावाची नोंद आगीत गेली आणि पुण्यात वा मुंबईत विवाह केलेल्या सैनिकाची नक्कल मात्र टिकली, असे घडू शकते. दप्तराचे आयुष्य त्याच्या नकलांवर अवलंबून असते, हा धडा आपल्या जिल्हा कचेऱ्यांतील व संस्थानी दप्तरांनाही लागू पडणारा आहे.

निष्कर्ष

आयर्लंडमध्ये गेल्या काही वर्षांत हे चित्र पालटले आहे. १९०१ व १९११ च्या जनगणना राष्ट्रीय अभिलेखागाराने संगणकावर सर्वांसाठी विनामूल्य खुल्या केल्या. २०१५ मध्ये नॅशनल लायब्ररीने कॅथलिक पॅरिशांच्या नोंदवह्यांच्या प्रतिमा उपलब्ध करून दिल्या. आगीच्या शताब्दीनिमित्त जून २०२२ मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या पुढाकाराने जळालेल्या दप्तराची आभासी पुनर्रचना प्रसिद्ध झाली. दप्तरातील अधिकारी हर्बर्ट वुड यांनी १९१९ मध्ये केलेली सूची या कामास पायाभूत ठरली; कारण काय जळाले हे ठाऊक असल्याखेरीज त्याच्या नकला कोठे शोधाव्या हे कळत नाही.

तथापि साधने सुलभ झाली म्हणजे निष्कर्ष अचूक होतात असे नाही. उलट, नाव टाकताच शेकडो जुळणारी नावे पुढे येतात आणि टेक्सासची ॲनी गवसण्याचा संभव वाढतो. प्रत्येक कागद कोणी, कोणासाठी, कोणत्या हेतूने आणि कोणाला वगळून तयार केला, हा प्रश्न विचारल्याखेरीज वंशशोधाला इतिहासाची प्रतिष्ठा लाभणार नाही. आयरिश स्थलांतरितांचे पूर्वज करवसुली करणाऱ्याने, जमीनदाराने, बँकेच्या कारकुनाने आणि निवृत्तिवेतनाच्या अधिकाऱ्याने लिहून ठेवले. यांपैकी कोणालाही त्यांचा इतिहास लिहावयाचा नव्हता. तरीही ते कागद एकमेकांशेजारी ठेवून धीराने वाचले असता, ज्यांना केवळ संख्या म्हणून मोजले गेले त्यांना त्यांचे नाव, गाव आणि नातीगोती परत मिळू शकतात. आपल्याकडे सनदा व वतने नसलेल्या कुटुंबांच्या इतिहासाचा विचार करतानाही हीच दृष्टी उपकारक ठरेल.